गुण नसलेल्या हाताची चिंच

माय, माझ्या हातानं पेरलेलं बी उगवलं. एक नाही, अकरा उगवली. त्यातली चार जगली, आणि त्या चारांतलं एक आता तीन वर्षांचं होऊन बीडच्या घराच्या गच्चीवर पसरट कुंडीत उभं आहे. चिंचेचं आहे. उंची माझ्या दोन वितींएवढी, बुंधा करंगळीएवढा. तुझ्या नाकावर टिच्चून आलं असं लिहिणार होते, पण तुला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि मेलेल्या माणसाच्या नाकावर टिच्चून काही करता येत नाही. भांडायचं तर समोर माणूस लागतं. तू असतीस तर पदर खोचून जिना चढून आली असतीस, झाडाभोवती एक चक्कर मारली असतीस आणि म्हणाली असतीस, "एवढंच? आन् हे वाढत कावून न्हाई?" मग मला पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं असतं की ते फार वाढू नये, पण म्हातारं दिसावं, यासाठीच हा सगळा खटाटोप असतो, आणि याला बोन्साय म्हणतात. तू कपाळावर हात मारला असतास. मला ते पण चाललं असतं.

हे खूळ माझ्या डोक्यात आलं तुझ्या नातवामुळं. मी नोकरीतून निवृत्त झाले त्या वर्षी त्यानं पुण्याहून एक खोकं पाठवलं. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, नवशिक्यांसाठी बियांपासून बोन्साय. आत बियांच्या चार पुड्या, पाण्यात टाकल्या की फुगणाऱ्या काळ्या चकत्या, आईस्क्रीमच्या काड्यांसारख्या नाव लिहायच्या पट्ट्या आणि एक पुस्तिका. पुस्तिकेचं मराठी कुणी लिहिलं होतं देव जाणे. पहिलंच वाक्य, "अभिनंदन, आपण आता एका वृक्षाचे पालक झाला आहात." एकदा पालक होऊन काय मिळतं ते मला चांगलं ठाऊक होतं, त्यामुळं मी हुरळून गेले नाही. पण पोरानं एवढं पाठवलं, रोज फोनवर "आई, पेरलं का?" विचारतंय, म्हटल्यावर किती दिवस टाळणार? आणि टाळण्याचं खरं कारण मी त्याला कधी सांगितलेलं नव्हतं.

पहिल्या पुडीत कुठल्यातरी थंड डोंगरावरच्या झाडाच्या बिया होत्या. त्यांना म्हणे आधी दोन महिने हिवाळा द्यायचा, ओल्या कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवायच्या. बीडमध्ये वैशाखात हिवाळा फ्रीजमध्येच मिळतो, तेव्हा ठेवल्या, दह्याच्या भांड्याशेजारी एका डबीत. सहाव्या आठवड्यात मी केज तालुक्यात एका लग्नाला गेले. ह्यांना माझ्यामागं शिरा खायची हुक्की आली. जन्मभर एसटी चालवलेल्या माणसाला गाडीतला स्क्रू न् स्क्रू ओळखता येतो, पण चारोळी ओळखता येत नाही. मी परत आले तर म्हणतात, "चारोळी लई जुनी हाय गं, दाताखाली खड्यासारखी लागती." मी डबी उघडली. आत नुसता ओला कागद. मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, तुझ्याकडूनच शिकलेलं होतं.

दुसऱ्या पुडीवर होतं, ज्वालावृक्ष. मोठ्या कौतुकानं पुडी फोडली तर आत गुलमोहराच्या बिया! अगं, तहसीलच्या आवारात गुलमोहराच्या शेंगा पायाखाली तुडवत लोक दाखले काढायला जातात, आणि माझ्या पोरानं त्या कुरिअरनं मागवल्या. तिसऱ्या पुडीतलं बी राखेएवढं बारीक, ते पंख्याच्या वाऱ्यानं उडालं. चौथ्यातली तीन उगवली, दोन पानांवर आली आणि बुडाशी काळी पडून आडवी झाली, कारण मी दर दोन तासांनी पाणी घालत होते. गुलमोहर तरी यायला हवा होता, तो उकिरड्यावरसुद्धा येतो. माझ्याकडं तोही आला नाही.

दुसऱ्या कुणाचं बी उगवलं नाही तर तो बियाला नावं ठेवतो, मातीला ठेवतो, दुकानदाराला ठेवतो आणि मोकळा होतो. मला त्या रिकाम्या चकत्यांपुढं बसल्यावर एकच वाक्य ऐकू येत होतं, आणि ते तुझं होतं. मी दहा वर्षांची असताना तू ते माझ्या कपाळावर चिकटवलंस आणि ते मी माहेरात, सासरात, नोकरीत, सगळीकडं घेऊन हिंडले. तुझ्या स्वतःच्या हाताचं केवढं कौतुक होतं! पेरणीच्या आधी अर्ध्या गावातल्या बाया तुला बोलावून न्यायच्या, पहिली मूठ तुझ्या हातानं सोडायच्या. अशा बाईनं पोटच्या पोरीबद्दल काही म्हटलं की ते गावाला देवळातल्या कौलासारखं वाटणारच. तुला हे कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. तुला सगळं कळायचं.

ते वर्ष मला अजून दिसतं. युसूफ वडगावच्या अलीकडं आपलं रान, मृगाची पेर चालली आहे. आमचे वडील, दादा, पेरणीची तिफण हाकताहेत, तू चाड्यावर, म्हणजे तिफणीच्या बी सोडायच्या लाकडी वाटीवर, मूठ धरून बाजरी सोडते आहेस आणि तिफणीच्या मागं मी. माझ्या हातात मोघा, म्हणजे दोरीनं तिफणीला बांधलेली बांबूची पोकळ नळी, आणि ओटीत तूर. पावलागणिक दोन-दोन दाणे नळीत टाकत चालायचं, बाजरीच्या ओळींमधून तुरीचं एक तास, म्हणजे एक ओळ, धरायचं. तूर तू घरची राखलेली होतीस, राखेत घोळून मडक्यात ठेवलेली, एकेक दाणा निवडलेला. आठ-दहा दिवसांनी बाजरी ओळीनं वर आली आणि तुरीच्या तासांत अर्ध्या रानात काहीच नाही. दादा बांधावर उभे होते, हातात आसूड. शेजारच्या रानातल्या चार बाया खुरपी खाली ठेवून बघत होत्या.

"ह्या पोरीनं बी सोडलंच न्हाई," दादा म्हणाले. "कुठं गेलं बी? बोल की!"

तू मधे येऊन उभी राहिलीस. "सोडलंय तिनं. म्या बघितलंय की मागं वळून. तिच्या हाताला गुणच न्हाई, त्याला ते लेकरू काय करंल? हिथून फुडं तिला बियाला हात लावू देऊ नगा, झालं."

दादांचा हात खाली आला. बाया "अगं बाई, असं व्हय" म्हणत पुन्हा खुरपायला लागल्या. आणि त्या दिवसापासून माझ्या हाताला गुण नाही हे ठरून गेलं.

माय, तुला काय माहीत नंतर काय काय झालं. मला चौसाळ्याला दिलं तर माझ्या आधी ती गोष्ट तिथं पोचली होती. सासूबाई वाईट नव्हत्या, पण नवरात्रात घट बसवायची वेळ आली की म्हणायच्या, "सूनबाई, तू जरा बाजूला हो." माती मी चाळायची, पत्रावळ मी मांडायची, पाणी मी भरायचं, आणि पाच धान्यं मात्र जावेनं पेरायची, कारण घट जसा उगवतो तसं वर्षाचं पीक येतं म्हणतात आणि माझ्या हातामुळं अख्ख्या घराचं पीक कोण बुडवून घेणार? बावीस नवरात्रं मी अशी बाजूला झाले. बीडला स्वतःचं घर झालं तेव्हासुद्धा कुंडीत कोथिंबीर टाकायची तर ह्यांना हाक मारायची. शेजारीण म्हणायची, किती बाई नवऱ्याला कामाला लावता. मी हसून घालवायची. अंगात राग असा मुरला होता की त्याचं काय करायचं तेच कळत नव्हतं.

तर त्या खोक्याचा निकाल लागल्यावर मी हट्टाला पेटले. पुस्तिका माळ्यावर टाकली आणि वर्षभराच्या चिंचेतले चिंचोके काढले. पहिल्या खेपेला गावाकडून आपल्या रानातली काळी माती मागवली. कापसाला सोन्यासारखी असलेली ती माती कुंडीत विटेसारखी झाली, वरून भेगा आणि आतून चिखल. शिवाय मी रोज सकाळी बोटानं उकरून बघत होते, आलं का, आलं का. ह्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "तू त्याला झोपू तर दे." दुसऱ्या खेपेला डोकं ठिकाणावर ठेवलं. चिंचोक्याची एक कड पाट्यावर घासली, आतलं पांढरं दिसेपर्यंत, मग दिवसभर कोमट पाण्यात ठेवला. विटेचा चुरा, बारीक मुरूम आणि चाळलेलं शेणखत सारखं सारखं घेतलं, काळी माती चिमूटभर. बोटाच्या पेराएवढं खोल पेरलं आणि स्वतःच्या हाताला शपथ घातली की उकरायचं नाही. बाराव्या दिवशी पाठ वाकवून पहिला वर आला. मी गच्चीवर एकटीच होते. कुणाला हाक मारू तेच सुचेना, म्हणून रडले.

उगवणं हे सगळ्यात सोपं असतं हे मला नंतर कळलं. त्या अकरांतली तीन खारीनं खाल्ली. चार मी स्वतः मारली, कारण रोप वीतभर झालं की ते उपटून त्याचं सरळ खाली जाणारं मुख्य मूळ कापायचं असतं. ते कापलं तरच बाजूची मुळं पसरतात आणि झाड उथळ कुंडीत जगतं. हे वाचायला ठीक आहे, कात्री हातात घेऊन बघ. पहिल्यांदा फार कापलं, दुसऱ्यांदा उन्हात कापलं, तिसऱ्यांदा बाजूची मुळंच कापली, चौथ्याचं आजवर कळलेलं नाही. पुढं फांद्यांना वळण द्यायला तार हवी म्हणून मी आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाण्याच्या जळक्या मोटारी नव्या तारेनं भरून देणाऱ्या भाईंकडं गेले. ते ह्यांचे जुने दोस्त. जळक्या मोटारीची तांब्याची तार मागितली तर म्हणाले, "भाभी, झाडाला तार? करंट देताव का काय बिचाऱ्याला?" मी समजावलं. त्यांनी चष्मा वर करून ऐकून घेतलं आणि मग हातातलं काम ठेवून जाड-बारीक अशी तीन वेटोळी काढून दिली. "दर पंधरा दिवसाला सैल करून बघत जावा. आमच्या मोटारीचं बी तसंच हाय, तार आत रुतली की खतम." पुस्तिकेत एवढं साधं एक वाक्य नव्हतं.

आता इथवर लिहिलं आहे तर पुढचंही लिहिते. तू ते जाणतेस, पण आपण दोघी ते कधी बोललो नाही.

मी तूर सोडलीच नव्हती. पहिली काही तासं सोडली, मग बैल चांगले चालायला लागले आणि मी मागं पडायला लागले. दोन दाणे टाकेपर्यंत तिफण चार पावलं पुढं. दादा ओरडायचे, "उरक की गं!" बोटं आखडली होती, पायात सराटे मोडत होते. मग मी नुसताच हात नळीवर ठेवला आणि दाणे टाकल्यासारखं करत चालले. कुणाला कळलं नाही. दिवस मावळायला ओटी तर अर्धी भरलेली. आता घरी नेली तर सापडणार. बांधावरच्या लिंबाखाली पायानं खड्डा केला, सगळी तूर त्यात ओतली, वर माती लोटली आणि हात झटकले. दहा वर्षांच्या पोरीची अक्कल ती. बी लपवायला मातीत पुरणारी मी एकटीच असेन.

ते बी तू राखलेलं होतंस, उगवलं सगळंच. ज्या दिवशी दादांनी आसूड हातात घेतला त्या दिवशी सकाळी तू गवताला गेली होतीस. मी बोरीच्या आडून बघत होते. लिंबाखाली तुरीचा एक दाट झुबका वर आला होता, रोपं एकमेकांच्या उरावर. तू विळा हातात धरून कितीतरी वेळ तिथं उभी राहिलीस. मग इकडंतिकडं बघितलंस, खाली बसलीस, मुठीमुठीनं सगळी रोपं उपटलीस, गवताच्या भाऱ्यात आत खोचलीस आणि घरी आणून म्हशीपुढं टाकलीस. तू मला बघितलंस की नाही ते मला आजही माहीत नाही. पण दुपारी दादांपुढं "सोडलंय तिनं, म्या बघितलंय" म्हणालीस तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. तू माझ्यासाठी खोटं बोललीस. ज्या बियावर तुझा जीव होता ते म्हशीला घातलंस आणि माझी पाठ वाचवलीस.

आणि म्हणूनच मी तुझ्यावर वैतागले आहे. नंतर घरी नेऊन दोन थोबाडीत द्यायच्या होत्यास. आसुडाचे वळसुद्धा आठ दिवसांत गेले असते. दुसरं काही सुचलं नाही का तुला? उंदीर म्हणायचं, मुंग्या म्हणायचं, बी किडकं म्हणायचं. पण किडकं म्हटलं तर तुझ्या राखण्याला बट्टा लागला असता, ते मात्र तुला चाललं नसतं, हो ना? आणि तू असा पेच करून ठेवलास की मला तोंडच उघडता येईना. माझ्या हाताला गुण नाही हे खोटं आहे म्हणायचं तर बी कुठं गेलं ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी आधी भ्याले म्हणून गप्प बसले, मग लाजेनं, मग सवयीनं. शेवटी तर मलाही ते खरं वाटायला लागलं. मी पेरलंच नव्हतं हे ठाऊक असूनही, रिकाम्या कुंडीपुढं बसून मी माझ्या हाताकडं बघत होते. याला काय म्हणावं?

तू एकदा प्रयत्न केलास, तेही लिहायला हवं. तुझी शेवटची दिवाळी. मी निघताना तू लसणाच्या दहा-बारा पाकळ्या माझ्या हातावर ठेवल्यास आणि म्हणालीस, "कुंडीत लाव की. आपसूक येतो." मी पाकळ्या तुझ्यापुढं परत ठेवल्या. "माझ्या हाताला कुठं गुण आहे, माय?" तू माझ्याकडं बघितलंस. काहीतरी बोलणार होतीस. मी पिशवीची चेन लावत राहिले, ती लागली तरी पुन्हा काढून लावली, म्हणजे तुझ्याकडं बघायला नको. रिक्षावाला बाहेरून हॉर्न वाजवत होता. तू म्हणालीस, "बरं, सावकाश जा." फाल्गुनात तू गेलीस.

गेल्या आठवड्यात वहिनी डोळे दाखवायला बीडला आली होती. दुपारी तिला गच्चीवर नेलं. चिंचेपुढं ती उकिडवी बसली, पानांवरून बोट फिरवलं. "वन्सं, हे बियापासून? तुमी लावलं?" मी हो म्हटलं. तिनं माझा हात धरून उलटा-पालटा करून बघितला. "आगं बया! लई गुण हाय की ह्या हाताला. मग आत्याबाई कावून तसं म्हणत व्हत्या? उगं तोंडाला यील ते बोलायच्या बघा. एका लेकराला जलमभर नाव ठिवलं. आन् आमी समदे त्यांच्याच हाताचं कवतिक करीत बसलो. कशाचा गुण आन् कशाचं काय!" दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. तो म्हणाला, "मायचं चुकलंच तुझ्या बाबतीत." म्हणजे घरात बोलणं झालं होतं. वहिनीला कळलं म्हणजे भावकीला कळलं, आणि भावकीला कळलं म्हणजे शिवारात कळलं.

पन्नास वर्षं मी हेच ऐकायला टपून बसले होते. कुणीतरी म्हणावं की माय चुकली. आणि म्हटलं तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. वहिनी, माय चुकली नव्हती, ती माझ्यावर पांघरूण घालत होती, बी मी पुरून टाकलं होतं. ह्या वयात मला कोण आसूड मारणार होतं? फार तर ती हसली असती. मी म्हटलं, "ऊन लागतंय, चला खाली, चहा ठेवते." चहात आलंही घातलं. भावाच्या फोनवर तर मी म्हटलं, "जाऊ दे रे, आता ती नाही." जशी काही मी तुला माफ करते आहे.

आणि खरं सांगू? वहिनी तसं बोलली तेव्हा मला वाईट वाटलं नाही. मला बरं वाटलं. लई बरं वाटलं, माय. वाईट वाटायला तीन दिवस लागले, आणि मग मी वही घेऊन जिन्यात बसले. हे सगळं तुला लिहिणं सोपं आहे, तुला ते आधीपासून माहीतच आहे. सांगायचं आहे ते वहिनीला. तिचा नंबर काढून मी दोनदा फोन हातात घेतला, आणि दोन्ही वेळा खाली ठेवला.